कुपी क्रमांक अकरा

सोमवारी सकाळी, फतेगंजच्या प्रयोगशाळेत,
मी रेशीम तोलते.

रेशीम म्हणजे शालू नव्हे.
कोश सोड्यात उकळून, चीक काढून,
विरघळवून पुन्हा थापलेली फीत,
लसणाच्या सालीइतकी पातळ, नखाएवढी.
अशा बारा, बारा कुप्यांत,
अंगाच्या उबेच्या पाण्यात.
पाण्यात थोडं पाचक द्रव्य,
शरीर जे करील ते जरा घाईनं करणारं.

नऊ फिती गॅमा किरणांखालून जाऊन आल्या.
तीन पंचवीसच्या मात्रेनं, तीन पन्नासच्या, तीन शंभरच्या.
उरलेल्या तीन कुठेच गेल्या नाहीत.

परत आल्या त्या दिवशी खिडकीशी धरून पाहिल्या.
शंभरवाल्या किंचित पिवळट, तेही मला वाटलं म्हणून.
भोक नाही, चुरगळ नाही, जळका वास नाही.
आपल्यात म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
इथे काहीच जळलं नव्हतं
आणि पीळ आतल्या आत तुटला होता,
साखळीतली कडी न् कडी,
आवाज न करता.

तिसऱ्या सोमवारी शंभरवाल्या निम्म्या.
पाचव्या सोमवारी चिमट्याला लागेनात.
हर्षिदाबेन चष्मा वर करून म्हणाल्या,
"आ तो ओगळी गयुं."
मी रजिस्टरात शून्य लिहिलं नाही,
"उचलता येत नाही" असं लिहिलं.

कुपी अकरा मात्र जशीच्या तशी.
न गेलेल्यांपैकी ती.
दर सोमवारी तेच वजन, शेवटचा आकडा इकडेतिकडे.
सर खूश नव्हते.
जखम भरल्यावरही जे जागेवरून हलत नाही
त्याचं काय करायचं, म्हणाले.

मला मनोहरकाका आठवले, दांडिया बाजारातले.
एकोणऐंशी साली सयाजी इस्पितळात हर्निया,
काळ्या रेशमाचे टाके.
गेल्या दिवाळीत पोटाला गळू आलं, फुटलं,
आणि त्यातून निघाली
मुंगीएवढी काळी गाठ.
काकांनी ती धुऊन सुपारीच्या डबीत ठेवली,
आल्यागेल्याला दाखवतात.
"मुहूर्त बघून, भटजी बोलावून बांधलेली
सहा वर्षांत सुटली.
आणि ही बघ,
जेवणाची सुट्टी व्हायच्या आत उरकलेली."
एवढं बोलून ते हसतात,
मग बराच वेळ डबीचं झाकण
लावत बसतात.

मी त्यांना किरणांचं सांगितलं.
की आता टाका घालण्याआधीच
थोडं तोडून ठेवता येतं,
किती तोडायचं ते मोजून,
म्हणजे तो वेळेवर निघून जातो.
काका म्हणाले, "किती, ते ठरवतं कोण?"
मी म्हटलं, "सध्या तरी मी. सोमवारी."

पुढच्या सोमवारी ते डबी घेऊन आले,
पायऱ्या चढून, धापा टाकत.
तराजूची काच सरकवली,
गाठ ठेवली,
आकडे थरथरले, थांबले:
एक पूर्णांक दोन मिलिग्रॅम.
रजिस्टरात तिला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलनं लिहिलं.

"कमी झालीय का गं?"
काकांनी विचारलं.

आधी किती होती
हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.