घनफूट

इलियासभाईंनी टेप लावली ड्रमाला,
पुस्तकांच्या पेटीलाही लावली नव्हती इतक्या मनापासून.
"ताई, ह्याला पैसा जास्त लागतो बगा."
मी म्हटलं, रिकामा आहे.
"म्हणूनच की. आमचा दर वजनाचा नाही, घनफुटाचा.
गाडीला काय, भरलेलं न् रिकामं सारखंच.
जागा किती खाल्ली तेवढं मोजायचं."

दोनशे लिटरचा निळा ड्रम.
लातुरात नळ यायचा दहाव्या दिवशी, रात्री अडीचला,
पाइप धरायला दोघांपैकी एकानं उठायचं.
बहुतेकदा मीच.
वाटणीत ड्रम माझ्याकडे आला,
फ्रिज त्यांच्याकडे.

कोटेशन दोन पानांचं.
बँकेत कर्जाचे कागद वाचते तसं वाचलं, बोट ठेवून.
भाडं: लातूर ते परभणी, पार्ट लोड.
म्हणजे अर्धी गाडी माझी,
अर्धी अंबाजोगाईला उतरणाऱ्या कुणा डॉक्टरांची,
मधे एक ताडपत्री.
वकिलांनीही असंच काहीसं समजावलं होतं,
त्यांची फी मात्र वेगळी.

हमाली वेगळी. जिना वेगळा,
तिसऱ्यावरून उतरवायचे मजल्यामागे तीनशे.
चढवताना किती लागले आठवत नाही,
तेव्हा दिरांनीच वाहिलं सगळं, वर जेवूनही गेले.
हॉल्टिंग: पहिला तास माफ, पुढे ताशी दीडशे.
गंगाखेडला फाटक पडलं तर ते धरायचं नाही,
हे मी पेनानं लिहून घेतलं.
विमा: घोषित मूल्यावर तीन टक्के.
घोषित न केलेल्याला
काहीच नाही.

खाली बारीक अक्षरांत: माल मालकाच्या जोखमीवर.
मालक म्हणजे गाडीचा?
"नाही ताई, मालाचा. ज्याची सही, तो मालक."
सत्यशीला किशनराव भोसीकर.
मधल्या नावाशी पेन अडलं,
हात जुन्याच वळणानं निघाला होता.

मग यादी. एकेका वस्तूपुढे शेरा.
कपाट: डाव्या दाराला पोचा, जुना.
शिलाई मशीन: पट्टा सैल, जुना.
आरसा: कोपऱ्यात चीर, जुनी.
"पुढं उगा वाद नको. आमच्या हातात येण्याआधी
काय मोडलेलं होतं, ते लिहिलेलं बरं."
दोन प्रती, दोन सह्या.
मी त्या कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.
एकोणीस वर्षांपूर्वी असा एखादा...
"ताई, ड्रम रिकामा कामून न्यायलाव?
भरा त्यात कायबी. पैसे तेवढेच."

भरला. वाकळा, उशा,
खलबत्ता वाकळेत गुंडाळून,
लोणच्याची बरणी दोन उशांच्या मधे,
स्वेटर. त्यात एक माझं नसलेलं,
ते काढून दारामागच्या खिळ्याला अडकवलं.
झाकण बसेना तेव्हा इलियासभाईंचा पोरगा
वर चढून बसला.

परभणी, रात्री नऊ. तळमजला, जिना शून्य.
पोचपावती पुढे आली: माल सुस्थितीत मिळाला.
म्हटलं, थांबा. उघडून बघते.
ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, मग बिडी काढली.
एक तास माफ होता, मी सगळा वापरला.

बरणीची कड उडालेली निघाली.
यादीत नव्हती.
तो काही बोलेना. ह्याच्याच पगारातून जाणार, दिसत होतं.
बोट फिरवलं.
तुटल्या जागी तेलकट मळ बसलेला, लोणच्याचा,
बऱ्याच महिन्यांचा.

शेऱ्यात लिहिलं:
आधीचीच. लिहायची माझ्याकडून राहून गेली.