फाटक

सकाळपासून उपाशी आलात ना, निंबाआप्पा?
पाणी चालतं. चहा नको होता.
"अर्धा कप," सगळेच म्हणतात,
आणि धुळ्यात अर्धा कप म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे.
बसा मग दोन तास बाकावर.
बाहेर मे महिना आग्रा रोडचं डांबर पातळ करतोय.
आत गारवा, तो यंत्रासाठी;
माणसाला शाल द्यावी लागते.

क्रिएटिनिनचा कागद दाखवा.
साखरेची गोळी कोणती? डबीच द्या, नाव मी वाचते.
कधी इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या? दमा?
मागच्या वर्षीची फिल्म?
घरी. नेहमी घरीच असते,
पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली.
उद्या पाठवा कुणाला तरी. जुन्याशेजारी नवं ठेवलं
की कळतं काय वाढलं, काय होतं तसंच आहे.

सून म्हणते, मी आत थांबते, हात धरते त्यांचा.
बाजूला घेऊन विचारते, जे प्रत्येकीला विचारते.
ती पदराचं टोक बघत राहते.
दोन महिने. घरी अजून कुणाला ठाऊक नाही.
मग बाहेरच थांब, बाई.
आप्पांना मी एवढंच सांगते: नियम आहे.

धोतर राहू द्या, त्यात लोखंड नसतं.
करदोड्याला काय लटकलंय?
चावी.
शिरूडजवळच्या फाटकाची, दिव्याच्या खोलीची.
फाटक गेलं, खालून बोगदा झाला,
चावी मागायला कुणी आलंच नाही.
गाठ शेवटी मीच सोडते.
ड्रॉवरमध्ये नको म्हणतात. बरं, माझ्या मुठीत.

"हाई माले गियी टाकी का वं माय?"
नाही आप्पा. नुसतं कडं आहे, दोन्हीकडून उघडं.
घोंघावतं फक्त. ढोल बडवणारं ते वेगळं, शेजारच्या खोलीतलं.
सुई टोचेल. मग औषध जाईल,
घशाशी ऊन चढेल, जिभेवर तांब्याच्या पैशाची चव,
आणि खाली वाटेल की...
वाटेल तेवढंच. होत नाही.

काचेमागून बघते.
यंत्र हिंदीत बोलतं, कुणा दूरच्या बाईच्या आवाजात: सांस रोकिए.
आप्पा तिला विचारतात, "काय म्हनी ऱ्हायनी?"
पोट हललं. चित्र धुरकट.
पुन्हा घ्यायचं म्हणजे किरणंही पुन्हा,
आणि ती फुकट अंगावर घ्यायची वस्तू नाही.
माईकवर वाकते:
आप्पा, आता तिचं ऐकू नका. मी सांगेन.

फाटक लावा.

आणि ते थांबतात,
एकतीस वर्षं बैलगाडीवाल्यांच्या शिव्या खात
थांबले असतील तसे.

गेली गाडी. उघडा.

"धोतर ओलं व्हयनं का वं?"
कोरडं आहे.

अर्धा तास इथेच बसा. खाजलं, दम लागला, तर हाक मारा.
डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नाही ना? मग आज भरपूर प्या,
पेल्याने नाही, तांब्याने.
रिपोर्ट उद्या चारनंतर.
"पन तू ते देखं ना?"
पाहिलं. वाचायचं काम दुसऱ्याचं, आप्पा.
ते माझ्याकडे बघतात, सिग्नलकडे बघावं तसे.
"बरोबर शे. गाडीमा कोन बठेल शे,
ते फाटकवालानी इचारानं नही."

चावी गरम झालीय माझ्या मुठीत. देते.
दारापाशी सून त्यांचा हात धरते,
दुसरा हात कुठे ठेवावा ते तिला कळत नाही.

पुढचं नाव पुकारते.
चहा घेतलाय का?