सुती दोरी

अल खोरच्या धक्क्यावरून सुटलो तेव्हा
पाणी ताटात वाढलेल्या पेजेसारखं निवांत होतं.
खलफानने वाऱ्याकडे नाक केलं, म्हणाला, दोन दिवस मिळतील.
दीडच मिळाला.

खलफान आमचा नाखुदा. आमच्याकडे नाखवा म्हणतात.
शब्द कुणाच्या गलबतातून कुणाच्या बंदरात उतरला, ठाऊक नाही,
शिव्या मात्र दोन्हीकडे सारख्याच.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं बुरोंडीत
माणसांबद्दल बोलतात.
इथे वीस वाव पाण्यावर शमाल उतरला
आणि वाटलं, ही म्हण कुणा खलाशाचीच असणार.
आमचा समुद्र लाट उचलतो, सांभाळतो, मग ठेवतो.
आखाताला तेवढी खोली नाही.
लाटा आखूड, उभ्या,
एकीतून नाळ वर काढावी तर दुसरी दारात,
वसुलीला आल्यासारखी.

मोफिजने भाताचं पातेलं साखळीने बांधलं
तरी भात गेलाच, पातेलं राहिलं.
तीन दिवस खजूर, कांदा आणि डिझेलचा वास.
मागे टांगलेल्या लाकडी खोक्यात बसायचं
तर कमरेला दोर, आणि दोराचं टोक सेसूच्या हातात.
लाज पहिल्याच वर्षी वाहून जाते.
आत बसलो की सेसू मुद्दाम विचारायचा,
ओढू का?

तिसऱ्या रात्री बोये तुटायला लागले.
अंधारात एकेक पांढरा ठिपका सुटून जाताना
खलफान आकडा म्हणत होता, मोठ्याने,
मुलांची हजेरी घेतल्यासारखा.
छत्तिसाव्याला गप्प झाला.

गरगूर म्हणजे तारेची घुमटी,
माणूस उकिडवा बसेल एवढी.
तोंड नरसाळ्याचं. शिळ्या खुबूसच्या वासाने
मासा आत येतो, सहज येतो,
कुणी ढकलत नाही.

पहिल्या वर्षी नांगराला अडकून असाच एक वर आला होता,
चार महिने हरवलेला.
आत एक हामूर. आम्ही हेकरू म्हणतो.
डोकं तेवढंच, मागे अंग काडीसारखं,
आणि भोवती काटे, त्याच्यानंतर आलेल्यांचे.
जिवंत होता.
सेसूने पाण्यात सोडला तर पोहला नाही,
बोटीच्या सावलीत तिथेच थांबला, आम्ही हलेपर्यंत.

तेव्हापासून गरगुराचं मागचं दार मी तारेने बांधत नाही.
सुती दोरी बांधतो, दर खेपेला नवी.
खलफान ओरडतो, दोरीचे पैसे तुझा बाप देतो का?
पण तपासायला कधी वाकत नाही.

चौथ्या सकाळी आखात परत ताटातली पेज.
जणू आम्हीच काहीतरी सांडलं होतं.
धक्क्यावर नेटवर्क आलं, खिशात सगळे फोन एकदम थरथरले.
फरजानाचा आवाज, पाच दिवसांपूर्वीचा:
गडग्याला जांभा आणलाय, गवंडी उद्या येतोय,
आणि रईस विचारतो, तुमच्या गल्फात लाटा असतात का?

कंपनीचा माणूस कागद घेऊन उभाच होता.
अजून दोन वर्षं?
हात धुतले नव्हते. कागदावर खवले चिकटले.
सही केली.

बंकवर पडलो की आता हिशेब करतो.
खलफान म्हणतो, या पाण्यात सूत चाळीस दिवसांत कुजतं.
मोफिज म्हणतो, शेवाळ धरलं तर जास्त.
सेसू म्हणतो, झोप.

छत्तीस दारं आहेत खाली.
आज एकविसावा दिवस.