जितके फूट, तितकी सूट

पहिल्या वर्षी तो सेल नव्हताच.
पाणी उतरलं, शटर वर गेलं
आणि आत सतराशे साड्या
एकमेकींच्या अंगाला चिकटलेल्या,
गाभण म्हशीसारख्या जड.
विम्याचा माणूस फोटो काढून गेला.
जिनपालशेठ पायरीवर बसले ते बसलेच.
मी आणि ताहेरनं गच्चीवर दोऱ्या बांधल्या.
तीन दिवस कापड पेठेच्या डोक्यावर
इरकल, सहावारी, पॉलिस्टर, सगळं एका रांगेत,
जिचा रंग तिच्या शेजारणीला लागलेला.
चौथ्या दिवशी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं लिहिलं:
भिजलेला माल. कुठलीही घ्या. शंभर रुपये.

बायका आल्या.
त्यांचीही घरं अजून ओलीच होती,
हाताला फिनेलचा वास.
हरिपूरच्या सुगलाबाईंनी एक अंजिरी उचलली,
झटकली, नाकाला लावली.
"वास तर आमच्याच घरचा येतोय," म्हणाल्या
आणि दोन घेतल्या.

दुसऱ्या वर्षी नदी पात्रातच होती.
दुकानाला नवी काच, नवा रंग,
भिंतीवर छातीएवढ्या उंचीची रेघ तेवढी
शेठनी पुसू दिली नव्हती.
श्रावणातला तोच मंगळवार,
आणि सकाळी नऊला शटरसमोर चाळीस बायका.
"पुराचा माल कधी काढताय?"
"पूर कुठाय यंदा?"
"पूर नसंल. सेल तर असंल?"

शेठनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा बायकांकडे,
आणि न खपलेले गठ्ठे खाली काढायला लावले.
तरी कुणी हात लावीना.
डाग नाही म्हणजे नुकसान नाही,
नुकसान नाही तर स्वस्त कसं?
यात काहीतरी फसवणूक आहे.

म्हणून तिसऱ्या वर्षापासून
मी घाटावरून बादलीभर गाळ आणतो,
पिंपात कालवतो
आणि कोऱ्या साडीचा वीतभर काठ
बुडवून वाळत घालतो.
"पाप आहे हे," ताहेर म्हणाला
आणि त्यानंच दुसरं टोक धरलं.

पुढची ओळ फ्लेक्सवाल्या गजू कोळेकरची.
चहाच्या बदल्यात दिली त्यानं:
आयर्विन पुलावर जितके फूट,
आमच्या दुकानी तितकी सूट!
रिक्षाला भोंगा बांधून आठवडाभर फिरवली.
तेव्हापासून पुलावर गर्दी वेगळीच.
पूर्वी लोक आकडा बघून घरी पळायचे,
पोती माळ्यावर, म्हातारी नातेवाइकांकडे.
आता कठड्याला रेलून हिशेब चालतो.
"एकतीस फक्त? एवढ्यात काय येतंय?"
"कोयनेतनं सोडणार हायेत म्हणं."
"मग थांबू की दोन दिवस."

सुगलाबाईंचं गणित पक्कं आहे.
"बेचाळीसपर्यंत चढू दे बाबा.
पंचेचाळीसला नको,
पंचेचाळीसला आमच्या गोठ्यात येतं."

काल रात्री मीही पुलावर थांबलो,
बादली सायकलच्या हँडलला.
दिव्याच्या उजेडात पाणी
अडतीसच्या आकड्याला चाटत होतं.
हजाराची साडी, सहाशे वीसला.
मनात आधी हे आलं.
नदीकाठच्या गल्ल्या त्याच्यानंतर.

आज दुपारी सुगलाबाई दुकानात.
अंगावर तीच अंजिरी, नऊ वर्षांपूर्वीची,
काठाला गाळाची तपकिरी लाट जशीच्या तशी.
काउंटरवर पिशवी उलटी केली,
मागच्या श्रावणातली मोरपिशी.
"बदलून द्या ही."
"का, फाटली?"
"फाटतीय कशाला?
पहिल्याच धुण्यात डाग गेला."