नऊ व्होल्ट

रात्री तीनला
छताचा स्मोक अलार्म टिवटिवू लागला,
दर मिनिटाला एकदा, अगदी शिस्तीत.
खिडकीबाहेर ड्युलूथ, उणे वीस,
सरोवर गोठलेलं.

स्टुलावर चढले. झाकण काढलं.
बॅटरीवर बॉलपेननं तारीख:
७ जून. खाली, ‘बसवली’.
अण्णांचा तिरका सात.

घरी बल्बवर, टॉर्चच्या सेलवर,
फिनेलच्या बाटलीवरसुद्धा
तारीख घालायचे ते.
‘वस्तू किती टिकते, कळायला नको?’

कळलं, अण्णा.
तुमच्यापेक्षा चौदा महिने जास्त.

नवी बॅटरी मुठीत धरून
अंधारात पेन शोधत राहिले.
मग पुन्हा वर चढले.

त्या जूनमध्ये
खाली उभी राहून
स्टूल मीच धरलं होतं.
डुगडुगतं ते,
एक पाय आखूड आहे,
हे आज कळलं.