एक वीत

मे महिन्याची सतरा तारीख, दुपारचे साडेबारा.
कॉम्प्रेसरचा आकडा वहीत टिपून मी बाहेर आले
तर पोशीराम क्रशर बंद करून
रस्त्याच्या मधोमध उभा, मान मागे टाकून,
आणि दिवाळ्याच्या जेट्टीवरून बर्फासाठी आलेली टेम्पोवाली पोरं
हॉर्न द्यायचं विसरलेली.

"बग गो, सुर्व्याला खलं परलंय."

पडलं होतं खरंच.
पारसिकच्या डोंगरापासून उरणच्या बाजूपर्यंत
कुणीतरी कापूस पिंजून ओढत नेलेला,
इतका विरळ, की तळपायाखाली गेलेल्या आमच्या सावल्याही
पुसल्या नव्हत्या.
आणि बरोबर डोक्यावर ते कडं,
आतून तांबूस, बाहेर सरकता सरकता
निळसर म्हणावं की पांढरं, ठरेना.

मी म्हटलं, पोशीराम, हा आपलाच माल.
नऊ-दहा किलोमीटर वर, उणे चाळीसात,
मिठाचं पाणी नाही, अमोनिया नाही, पत्र्याचे डबे नाहीत,
लाइटचं बिल तर नाहीच,
तरी बर्फ धरलाय.
लादी नाही, चुरा. एकेक कण सहा बाजूंचा,
शिसपेन्सिलीच्या तुकड्यासारखा,
वाटेल तसा कलंडत खाली येणारा.
ऊन एका बाजूने शिरतं,
शेजारची बाजू सोडून तिच्या पलीकडच्या बाजूने निघतं,
आणि निघताना वळलेलं असतं. बावीस अंश.
जास्त वळेल, कमी नाही.
म्हणून बघ, कड्याच्या आत आभाळ जरा काळवंडलंय.
तिथून डोळ्यापर्यंत यायचं तर
त्याहून कमी वळून भागलं असतं,
आणि तेवढं कमी वळणं या बर्फाला येत नाही.

तो म्हणाला, मग आपला चुरा पांढराच का दिसतो?

खरं होतं त्याचं.
लादी क्रशरच्या तोंडाशी जाते तेव्हा काचेसारखी,
पोटात अडकलेल्या हवेचा दुधी डाग सोडला तर आरपार.
खाली पडते ती पांढरीफेक.
रंग कुठून आला? कुठूनच नाही.
हजार तोंडं झाली, उजेड एकातून दुसऱ्यात,
दुसऱ्यातून परत पहिल्यात,
चुकला, त्या चुकण्याला आपण पांढरं म्हणतो.
वर मात्र ऐसपैस आहे. एक कण, एक तिरीप,
एकदा आत, एकदा बाहेर.

"बावीस म्हंजे किती?"
एक वीत. हात ताठ कर, बोटं फाक.
अंगठ्याने सूर्य झाक, बघू नकोस त्याच्याकडे.
करंगळी पोचेल तो काठ.

माझी पोचली.

त्याने उजवा हात वर केला.
त्या हाताची करंगळी क्रशरने नेली,
दोन हजार अकराच्या गणपतीच्या आधी, सुरमईच्या घाईत,
माझ्या बाबांनी ती थर्मासमध्ये घालून
वाशीपर्यंत नेली होती. बर्फ भरपूर होता. उपयोग झाला नाही.
मला हे आठवेपर्यंत हात वर गेलेला.

अंगठ्याखाली सूर्य,
खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्यासारखा.
खळं त्याच्या आज्याचंही होतं, आग्रोळीकडे,
शेणाने सारवलेलं, आता तिथे
कुणाच्या तरी गाड्या सावलीत उभ्या असतात.
यातलं तो काही बोलला नाही.
हे मीच जोडतेय, वाट बघताना सुचलं.

एक गोष्ट मीही सांगितली नाही.
दोन पावलांवर उभे होतो आम्ही,
तरी त्याचं खळं वेगळं, माझं वेगळं.
ज्या कणांनी मला उजेड दिला
त्यांनी त्याचा उजेड दुसरीकडेच कुठे टाकला,
त्याच्यासाठी वर दुसरेच कण होते, त्याचे स्वतःचे.

टेम्पोतल्या पोराने हळूच हॉर्न दिला.
पोशीराम तसाच. चार बोटं, आणि पाचव्याची जागा
निळसर म्हणावं की पांढरं, त्यावर टेकलेली.

"पोचतंय," तो म्हणाला.

मग खाली बघून क्रशर चालू केला,
डाव्या हाताने.