दासेलो

एरिबेर्तो नावेल्कीन शाळेच्या दारात आला
तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होते.
बूट बाहेर काढलेले, केसांत लाकडाचा भुसा.
म्हणाला, बाई, एक शब्द आहे. उघडून द्या.

म्हाताऱ्या सोफानोर कार्कामोनं मध्यरात्री उच्चारलेला शेवटचा शब्द.
नंतर नुसती घरघर,
पहाटे तीही नाही.
दासेलो.
मी तो खडूनं फळ्यावर लिहिला.
आमच्या बेटावर जुन्या होड्या करतात तसाच आहे हा:
खिळा नाही कुठे, लाकडाच्याच खुंट्या,
क्रियापदाला मागून दोन फळ्या बसवलेल्या,
आणि सांधा इतका घट्ट की नखालाही लागू नये.

दा म्हणजे दे.
लो म्हणजे तो. किंवा ते.
से म्हणजे त्याला. किंवा तिला. किंवा त्यांना.
"तुम्हाला पण?"
मला अहो-जाहो करत असतील, तर हो, मलाही.

तो पाचवीच्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीशी.

खरं तर तिथे ले हवा, मी म्हटलं,
पण ले आणि लो एका घरात नांदत नाहीत.
ले आपलं नाव टाकतो, से होतो,
आणि एकदा से झाला की
तो कुणाचा कोण, हे शब्दाला विचारायची सोय नाही.

मग कुणाला?
मुलगा पुंता अरेनासला, पाच वर्षांत एक फोन.
मुलगी ओदिलिया दाल्काउएच्या मासळी कारखान्यात,
दिवसभर रबरी हातमोज्यांत.
आणि सख्खा भाऊ अबेलिनो,
समोरच्या बेटावर, रात्री त्याचा दिवा दिसतो इतका जवळ.
बावीस वर्षं अबोला.

मग वस्तू तरी शोधू.
मोठी लांचा असती तर ला म्हणाले असते.
करवतही ला. तासणीही ला. घरसुद्धा.
उरतो हातोडा,
मापांची तेलकट वही,
आणि शेडमधला तो बोते, अर्धवट,
फासळ्या उघड्या.
कधी कधी तर, मी म्हटलं, लो ही वस्तूच नसते.
नुसतं ते. जे झालं ते.

"नको दे, असं तर नसेल?"
नाही रे. नकार असता
तर दोघेही उडी मारून पुढे आले असते:
नो से लो देस.
नाही म्हटलं की ती सुटी होतात.
दे म्हणताना मात्र पाठीला चिकटून बसतात.

तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला.
मग खाली बघून म्हणाला,
दात नव्हते ना त्यांना.
दा होतं की दी, शपथेवर नाही सांगता येणार.

दीसेलो. सांग त्याला ते.

माझ्या हातातला खडू तसाच राहिला.
वीस वर्षं व्याकरण शिकवते मी,
एका स्वरापुढे अशी कधी अडले नव्हते.

माती दिली त्या दिवशी
अबेलिनो वल्हवत आला, एकटा.
घरात गेला नाही, पेटीजवळ नाही.
सरळ शेडमध्ये.
टोपी काढली, अर्धवट होडीच्या फासळीवर
हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
एरिबेर्तो बाहेर दारात, मी त्याच्या मागे.
म्हाताऱ्यानं वळूनही पाहिलं नाही.
म्हणाला,
दीमेलो.

मे. मला.
या एका तुकड्याला नाव बदलता येत नाही,
कुणाच्याही अंगरख्यात तो लपत नाही.
म्हणणारा समोर उभा असतो,
ओल्या बुटांत.

एरिबेर्तो आत गेला. दार त्यानं लोटून घेतलं.
काय सांगितलं, काय दिलं,
मी विचारलेलं नाही. माझा विषय व्याकरण.

सोमवारी पाचवीला शुद्धलेखन घातलं.
अकरा पोरांनी शब्द बरोबर लिहिला
आणि दावरची रेघ विसरली.
एकटा दा असतो तेव्हा ती लागत नाही, मी सांगितलं.
मागे दोघं येऊन बसले
की मग लागते.
खालून शेडमधून ठोकल्याचा आवाज येत होता,
दोन हातोड्यांचा, एकमेकांच्या मध्ये मध्ये.
पुन्हा लिहा, म्हटलं.